वरच्या फळीवरचं पातळ पुस्तक

झोपा आता, सकाळी दहाला कचेरी उघडते, असं मी म्हणणारच होतो. पण वकीलबाई मघाशी म्हणाल्या ना, "काका, सर्च म्हणजे काय, नुसती जुनी पुस्तकंच चाळायची," त्या 'नुसती'वरून मला माझा मित्र आठवला. आता आठवलाच आहे, तर ऐका. दिवा राहू द्या. खिडकी तेवढी लावून घ्या, वारं गार आहे.

माझ्या बाबतीत घडलेलं नाही हे, आधीच सांगतो. पण ज्याच्या बाबतीत घडलं त्याच्याबरोबर मी एकाच वकिलांकडे सव्वीस वर्षं काढली. मी टेबलावरचा कारकून, तो बाहेरचा. कुणाला घर विकत घ्यायचं असलं की बँक विचारते, हे घर खरंच विकणाऱ्याचं आहे का? मग कुणीतरी गावोगावच्या नोंदणी कचेऱ्यांत जाऊन मागच्या तीस वर्षांचे दस्त बघायचे. ते कुणीतरी म्हणजे तो. त्याच्या तोंडी सदा 'तीस वर्षं', म्हणून त्याचं नावच आम्ही 'तीसवर्षे' पाडलं होतं. त्याच्या बायकोलासुद्धा शेजारीपाजारी तीसवर्षेवहिनी म्हणायचे.

आणि किस्से! परत आला की आम्ही टेबलं सोडून त्याच्याभोवती गोळा व्हायचो. एका कचेरीत म्हणे मांजर इंडेक्सच्या कपाटात व्यायली होती. कारकून म्हणाला, "बाळंतीण आहे, पंधरा दिवसांनी या." दुसरीकडे कुणी मोठा साहेब तपासणीला येणार म्हणून सगळी पुस्तकं उंचीप्रमाणे लावून ठेवलेली. दिसायला झकास. वर्षांचा पत्ता नाही. एका खरेदीखतात घराच्या चतुःसीमा लिहिल्या होत्या, त्यात 'दक्षिणेस: भांडखोर इसमाचे घर'. शपथेवर सांगायचा. आणि पुस्तक सापडेनासं झालं की सगळीकडचं उत्तर एकच, "बाइंडिंगला गेलंय." तो म्हणायचा, "अरे, एक पुस्तक नऊ वर्षं बाइंडिंगला आहे. तेवढ्यात माझ्या पोराची शाळा संपली!"

हसता आहात. आम्हीही हसायचो.

तर सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबरची बारा तारीख, गुरुवार. काम अगदी साधं होतं. एका लहान गावातलं दुमजली घर विकायचं होतं. विकणारा पन्नाशीचा गृहस्थ, बाजारात सायकलींचं दुकान. आजोबांनी बांधलेलं घर, त्यांच्यामागे वडिलांचं, वडिलांमागे याचं. मुलगा दुसऱ्या गावी स्थिरावला होता, तिकडेच जायचं म्हणून विकत होता. भांडण नाही, तंटा नाही. खरेदीची तारीख सोमवार ठरलेली. वकीलसाहेब म्हणाले, एका दिवसाचं काम आहे, जाऊन या.

दुपारी तो त्या कचेरीत पोचला. रेकॉर्ड रूम मागच्या अंगाला. लांबट खोली, लोखंडी रॅकच्या सहा रांगा, खिडक्यांना गज. रेकॉर्डकीपर निवृत्तीला आलेला, कानाने जरा कमी, पण माणूस सज्जन. त्याने चहा पाजला, पुस्तकं दाखवली आणि आपल्या टेबलावर जाऊन बसला. माझा मित्र शेवटच्या रांगेमागे जमिनीवर मांडी घालून बसला. तिथे उजेड बरा होता म्हणून.

सव्वासहाला रेकॉर्डकीपरने हाक मारली असणार. याने ओ दिली असणार. त्याला ऐकू आली नाही. त्याला वाटलं पाहुणा गेला. कुलूप घातलं, बाहेरचं मेन स्विच पाडलं. कागदांना आग लागू नये म्हणून पाडतातच. आणि गेला घरी.

हा अंधारात.

आधी दार बडवलं. मग भिंतीवर रेकॉर्डकीपरचा नंबर लिहिलेला होता, तो मोबाईलच्या उजेडात शोधून लावला. तर फोन खोलीतच वाजला! म्हातारबुवा फोन टेबलाच्या खणात विसरून गेले होते. मग त्याने मला लावला. सहा वाजून बावन्न मिनिटं. मी त्या सायकलवाल्याला फोन केला, रेकॉर्डकीपरच्या घरी जा म्हटलं. तो म्हणाला, "त्यांचं घर नदीपलीकडे आहे, पण जातो, आणतो." ते मी मित्राला कळवलं आणि म्हटलं, "तास-दीड तास लागेल. तोवर मांजर बघ कुठे व्यायलीय का."

हसलो मी. खूप हसलो.

पुढचं तो मला दुसऱ्या दिवशी रात्री बोलला. एकदाच बोलला.

तो परत शेवटच्या रांगेमागे जाऊन बसला. मोबाईल पुस्तकाला टेकवून ठेवला, म्हटलं आता वेळ आहेच तर काम उरकू. साडेसातच्या सुमाराला दोन रांगा पलीकडे पान उलटल्याचा आवाज आला. त्याला वाटलं उंदीर. कागदाच्या खोलीत उंदीर असायचेच. मग दुसरं पान उलटलं. उंदीर पानं अशी सावकाश उलटत नाहीत.

"कोण आहे?"

काही नाही. मग बाईमाणसाचा आवाज. म्हातारा, हळू, फार अदबीचा.

"मी आहे हो. तुमच्या कामात अडचण तर नाही ना झाली?"

त्याच्या जिवात जीव आला. आपल्यासारखंच कुणीतरी अडकलंय. "मावशी, तुम्हीपण आतच राहिलात?"

"हो. राहिलेच." थोडं थांबून म्हणाली, "बसू का इथे?"

"बसा की! मला काय विचारता? कचेरी थोडीच माझी आहे." तो म्हणाला, "माणूस गेलाय किल्ली आणायला. येतीलच."

बसल्याचा आवाज आला नाही. पण आवाज जवळून येऊ लागला. त्याच्या मागच्या रॅकच्या पलीकडून.

दोघं बोलत बसली. म्हणजे तीच बोलत होती. एक नाव बघायचं होतं म्हणाली. दर गुरुवारी येते. कुणी बघून देत नाही. वडिलांनी घर बांधलं, तिचं लग्न झालं नाही, ती भावाकडेच राहिली. वरच्या मजल्यावर रस्त्याकडची खोली. लोकांच्या कपड्यांना काजं-बटणं करून द्यायची. भाऊ-वहिनी वाईट नव्हते हो, म्हणाली. कधी हात उगारला नाही, उपाशी ठेवलं नाही. फक्त आपण दुसऱ्याच्या घरात आहोत हे विसरून चालत नाही ना. दिवा लावायचा तर विचारावं. मैत्रीण आली तर वर नेऊ का, विचारावं. पुढेपुढे मैत्रिणीच यायच्या बंद झाल्या. भावाचा मुलगा लहान होता तेव्हा तिच्या खोलीत झोपायचा. मोठा झाला तसा खालीच झोपू लागला. मुलं मोठी होतातच.

"पण अण्णा, माझे वडील, जाताना मला म्हणाले होते," ती म्हणाली, "तुझी सोय केलीय, काळजी करू नकोस. काय सोय, ते सांगायच्या आत वाचा गेली त्यांची. भावाला विचारलं. तो म्हणाला, ग्लानीत बोलले असतील. मीही म्हटलं, असेल. पस्तीस-चाळीस वर्षं म्हटलं. मग एकदा वाटलं, बघून तरी घ्यावं."

माझ्या मित्राच्या हातात पेन होतं. तो म्हणाला, "घर कुठलं, मावशी?"

तिने गल्ली सांगितली. घराचा नंबर सांगितला.

तोच नंबर. त्याच्या मांडीवर उघड्या पडलेल्या पुस्तकात, बोटाखाली, तोच नंबर होता.

इथे त्याला पहिल्यांदा थंडी वाजली. पण माणूस कसा असतो बघा. त्याने स्वतःची समजूत घातली, त्याच घरातली कुणी असेल. सायकलवाला बोलला नसेल. घर विकणारे लोक म्हाताऱ्या बाया लपवतातच. त्याने सरळ सांगितलं, "तीस वर्षं बघितली मी. यात तुमच्या वडिलांचं काही नाही."

"त्यात नाहीच. ते दुसऱ्या पुस्तकात असेल. मृत्युपत्रांचं वेगळं असतं ना? पातळ आहे. वरच्या फळीवर."

"ते आम्ही नाही बघत, मावशी. तीस वर्षांच्या पलीकडचं तर नाहीच."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. रागाने नाही. "कुणीच नाही बघत."

वकीलबाई, वाद घालणाऱ्या माणसाला नाही म्हणता येतं हो. हिला त्याला नाही म्हणता येईना. तो उठला. शिडी ओढली. वरच्या फळीवर गठ्ठ्यांमागे एक पुस्तक पडलेलं होतं. पातळ. सुतळीने बांधलेलं. सुतळीवर धूळ. किती वर्षं कुणी सोडलेली नव्हती.

वीस मिनिटं पानं चाळली. मग थांबला.

"सापडलं?"

"थांबा… वाचतो."

त्रेचाळीस वर्षांपूर्वीची नक्कल. जुनं वळणदार अक्षर. 'मी खाली सही करणार, पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवतो की, माझ्या राहत्या घरापैकी वरच्या मजल्यावरील रस्त्याकडील खोली ही माझी मुलगी…' पुढे तिचं नाव. ते नाव त्याने मला सांगितलं नाही. '…हिची राहील. तिला कोणी ऊठ म्हणू नये.'

शेवटचं वाक्य कायद्याचं नव्हे. बापाने घालायला लावलं असणार.

 मग हळूच,

"माझं नाव आहे?"

"आहे, मावशी. स्पष्ट आहे."

"पुढे?"

"पुढे… काही नाही. तारीख आहे. साक्षीदार."

"साक्षीदार कोण?"

त्याने खाली पाहिलं. पहिलं नाव कुण्या डॉक्टरचं. दुसरं…

त्याने पुस्तक उजेडाजवळ नेलं.

"वाचा ना."

त्याने त्या नावावर बोट ठेवलं.

"भाऊच ना माझा?"

…

त्याने सांगितलं, त्या वेळी त्याला त्या बाईच्या भावाचा राग आला नाही. स्वतःची बहीण दिसली. वडिलांमागे घर स्वतःच्या नावावर करायचं होतं, तेव्हा हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली होती याने. स्वतःच कागद घेऊन गेला होता. तिने विचारलं, कुठे करू? याने बोट ठेवलं. तिने न वाचता केली. रोज लोकांचे कागद वाचणारा माणूस. बहिणीला वाचून दाखवला नव्हता.

"हो," तो म्हणाला. "भाऊच आहे."



मग रडणं नाही. शिव्या नाहीत. फक्त एवढंच. अगदी नवल वाटल्यासारखं.

"मग मी… इतकी वर्षं… विचारून का बसत होते हो?"

त्याने मोबाईल उचलला. उजेड मागे फिरवला.

रॅक.

रॅकच्या पलीकडे भिंत.

मधे चार बोटांची फट.

…

आठ वाजून एकवीस मिनिटांनी मला दुसरा फोन आला. मी उचलला, म्हटलं, "काय रे, सुटलास?" पलीकडून फक्त श्वास. मग म्हणाला, "फोन ठेवू नकोस." बस. मीही ठेवला नाही. अठ्ठावीस मिनिटं. तो बोलला नाही, मीही नाही. शेवटी कुलुपाचा आवाज आला, माणसांचे आवाज आले, तेव्हा ठेवला.

दारात रेकॉर्डकीपर आणि सायकलवाला. म्हातारा हात जोडत होता, "साहेब, चूक झाली, मला ऐकू येत नाही हो…" याने त्याला बसवलं. पुस्तक हातातच होतं. सायकलवाल्याला विचारलं,

"तुमच्या घरात आणखी कोण असतं?"

"मी आणि बायको."

"म्हातारं माणूस?"

"नाही. आत्या होती माझी. तिला जाऊन तीन वर्षं झाली."

याने पान उघडून पुढे धरलं. सायकलवाल्याने वाचलं. मोबाईलच्या उजेडात, उभ्याउभ्या, दोनदा. साक्षीदारापाशी त्याचं बोट थांबलं. "बाबा," तेवढंच म्हणाला.

मग रेकॉर्डकीपर म्हणाला, "बटणंवाल्या बाई का? यायच्या त्या. दोन वर्षं यायच्या. गुरुवारी. त्या दिवशी गर्दी कमी असते ना इथे."

"काय सांगायचात तुम्ही त्यांना?" मित्राने विचारलं.

म्हातारा खाली बघू लागला. "शिडीवर चढायला गुडघे चालत नाहीत हो माझे… मी म्हणायचो, पुस्तक बाइंडिंगला गेलंय." मग म्हणाला, "त्या म्हणायच्या, बरं, मग पुढच्या गुरुवारी येऊ का?"

तिघंही तिथेच उभे राहिले. बाहेरचं स्विच वर केलेलं होतं, पण दिवा लावायचं कुणाला सुचलं नाही.

वकीलबाई, तुम्ही विचारणार, कायद्याने काय फरक पडला? काही नाही. बाईला मूलबाळ नाही, तिच्यामागे खोली भाच्याचीच. अहवालात एक ओळ वाढली असती, इतकंच. माझ्या मित्राने तसं सांगितलंही. सायकलवाला म्हणाला, "साहेब, मला कायदा नका सांगू. मी त्या खोलीत वाढलो. ती माझ्या अंगावर पांघरूण घालायची आणि आईला खाली जाऊन विचारून यायची, पोराला इथेच झोपू दे का."

त्या रात्री लॉजवर गेल्यावर मित्राने बहिणीला फोन केला. चार वर्षं बोलणं नव्हतं. काय बोलली दोघं, ते मी विचारलं नाही.

सकाळी आठला सायकलवाल्याचा निरोप आला, जरा घरी या. हा गेला. घर नीटनेटकं, सामान अर्धंअधिक बांधलेलं. जिना चढून वर गेला. रस्त्याकडच्या खोलीचं दार बंद. बाहेर सायकलवाला, त्याची बायको, आणि हत्यारांची पिशवी घेतलेला एक सुतार.

"काल दुपारी मी स्वतः घेणाऱ्याला ही खोली दाखवली," सायकलवाला म्हणाला. "रिकामी आहे. तीन वर्षं रिकामीच आहे. रात्री परत आल्यावर म्हटलं, जाऊन बसावं जरा तिच्या खोलीत. तर उघडेना. वाटलं फुगलं असेल दार. सकाळी यांना बोलावलं."

सुताराने खांदा लावला. दार हललं नाही. पटाशी काढली.

"थांबा," सायकलवाला म्हणाला.

तो पुढे झाला. पन्नाशीचा माणूस, केस पांढरे. त्याने दारावर टकटक केलं. दोन बोटांनी. अगदी हलकेच.

"आत्या… येऊ का आत?"

कुणी हललं नाही. खाली रस्त्यावरून एक सायकल गेली. तिची घंटा वाजली. मग तीही थांबली.

आतून काही नाही.

जरा वेळाने सुतार गुडघ्यांवर बसला. दाराच्या फटीला डोळा लावला. बराच वेळ बघत राहिला. मग उठला, पटाशी पिशवीत ठेवली.

"दार फुगलेलं नाही, मालक," तो म्हणाला. "आतून कडी लावलीय."

सायकलवाल्याने माझ्या मित्राकडे पाहिलं. 

"या दाराला आतून कडी नाही," तो म्हणाला. "बाबांनी तिला कधी बसवूच दिली नाही."